सहावी पायरी

त्सुनेयोबाईंनी जिना सांगितला
तेव्हा मिस्त्रींनी घर मोजलं नाही.
आधी त्यांचा गुडघा मोजला.
ओट्याच्या कडेला बसवून, पाऊल आपल्या तळहातावर घेऊन :
"उचला. अजून. बास."
आणि बांबूच्या पट्टीवर नखाने खूण केली.

बाईंना दिसत नव्हतं, अकराव्या वर्षापासून.
माळ्यावर त्या पर्सिमनची फळं सोलून टांगायच्या,
दर चार दिवसांनी अंगठ्याने दाबून बघायच्या
कुठलं कितपत वाळलंय.
मागच्या हिवाळ्यात शिडी निसटली
आणि मनगट वाकडं जुळलं.

लाकूड केयाकीचं,
नऊ वर्षं छपराखाली निजलेलं.
माझ्या शिकाऊपणाला तेव्हा चौथं चालू होतं,
त्यातलं पहिलं वर्ष नुसतं पटाशीला धार लावण्यात गेलेलं.

शाईच्या भांड्यावर कासव कोरलं होतं.
दोरी ताणून चिमटीने उचलायची, सोडायची.
फळीवर काळी रेघ उमटते. एकदाच.
पुन्हा सोडली तर दोन रेघा होतात,
आणि दोन रेघांच्या मध्ये
खोटं बोलायला जागा.

करवत, रंधा, आम्ही सगळं अंगाकडे ओढतो.
दूर ढकलायची हत्यारं इतर मुलखांत असतात म्हणे.
ओढताना हात चुकला
तर चूक आधी आपल्याच पोटाकडे येते.

बारा पायऱ्या. खिळा एकही नाही.
खाच, कुसू, पाचर.
कुसू बसवण्याआधी हातोडीने ठेचून बारीक करायचं,
ह्याला आमच्यात लाकूड मारणं म्हणतात.
दमट हवा लागली की मेलेलं लाकूड
आठ दिवसांत फुगून जिवंत होतं
आणि धरलेलं सोडत नाही.

सहाव्या पायरीची खाच माझी.
संध्याकाळ होती. कुठूनतरी भाजत्या मिसोचा वास येत होता.
रेघ ठेवायची होती,
मी रेघ खाल्ली.
रेघ, आणि तिच्याखालचं अर्धं सूत.

जिना उभा राहिला. दहा दिवसांनी बाई आल्या,
मोजे काढून, अनवाणी.
एक, दोन, तीन, चार, पाच,
सहावीवर जराशा थांबल्या.
बोलता बोलता एखादं नाव आठवू नये,
तेवढंच.
मग वर गेल्या. वरूनच म्हणाल्या, "छान झालाय."

आम्हा लोकांबद्दल गोष्टी सांगतात,
चुकीतलं सौंदर्य, सोन्याने सांधलेला वाडगा वगैरे.
मलाही वाटलं, मिस्त्री म्हणतील, राहू दे,
ह्या पायरीवरून बाईंना कळेल, अर्धा जिना झाला.
ते वाक्य त्यांच्या वतीने
मी मनात तयारसुद्धा करून ठेवलं होतं.

मिस्त्री म्हणाले, "पाचर काढ."

फुगलेलं कुसू निघत नाही.
दोन दिवस मी माझीच पायरी चिरत होतो,
तुळयांना ओरखडा न लावता,
दाताच्या वैद्यासारखा वाकून.
मिस्त्रींनी मदत केली नाही, रागावलेही नाहीत.
तिसऱ्या संध्याकाळी नवी फळी पुढ्यात ठेवली,
दिवा माझ्याजवळ सरकवला
आणि जेवायला निघताना म्हणाले,
"दिसणाऱ्यांसाठी जिना कुणीही करतो."

चिरलेल्या पायरीचा एक तुकडा माझ्या दारात आहे.
त्यावर बसून मी बूट घालतो.
कुठेच न जाणारी पायरी. पण भक्कम.

मिस्त्री गेले. त्यानंतर बाई.
आता त्यांची भाची फळं टांगते,
बटण दाबून, लखलखीत उजेडात.
गेल्या थंडीत त्यांच्या छपराच्या कामाला गेलो होतो,
तिने माळ्यावरून हाक मारली, चहा झालाय.
मी जिन्याशी उभा राहिलो.
बूट काढले, मोजे काढले,
कुणी बघत नाही असं बघून
डोळे मिटले.

सात, आठ.
सहावी कधी गेली
कळलं नाही.